पडद्याआडचं हसू

फिरोजाबीच्या हातची तांदळाची भाकरी ज्यानं खाल्ली न्हाय, त्यानं आगरदांड्याचा धक्का बघितला असंल, गाव न्हाय बघितलं. आरोही, हे पहिलं लिही. माणसाबद्दल सांगायचं तर आधी त्याचा चांगला हात सांगावा, मंग बाकीचं. बाकीचं हाय, आणि ते लाजेचं हाय. पण फिरोजाबीनंच मला बजावलंय, "मनुबाई, नातीकडनं माझं लिहून घेणार असशील तर हसण्यासकट घे. नुसत्या भाकऱ्या नकोत."

तर फिरोजा मुरूडची. बापाचं सुक्या मासळीचं दुकान व्हतं. लग्न करून इथं आली तवा मी पण नवीनच आलेली. तिच्या घराच्या आणि आमच्या घराच्या मधी मेंदीचं कुंपण, आणि त्या कुंपणाला एक भोक. त्या भोकातनं आमच्या दोघींचा संसार इकडनं तिकडं गेला बघ. मीठ गेलं, कोकमं गेली, तान्ही पोरं गेली, रडणं पण गेलं. माझा मालक लाँचवर खलाशी, तिचा हमदुल्ला मोठ्या जहाजावर. दोघींचं जगणं पाण्याच्या भरवशावर.

हमदुल्लाभाईंनी जहाज सोडलं, घरी आले, सुपारीची वाडी बघायला लागले, आणि एक गोष्ट धरून बसले. रातचं जेवण पाहुण्याशिवाय जेवायचं न्हाय.

आता हे कुठनं आलं, तर इब्राहिम नबींकडनं. लई जुना माणूस तो. ह्यांचा नबी, म्हंजे प्रेषित. नांदगावला पूर्वी इस्रायल लोक व्हते, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना शनवार तेली म्हणायचे, ते त्यालाच आब्राहाम म्हणायचे, आमचा मूळ बाप म्हणायचे. मी शाळेत गेले न्हाय, पण ही गोष्ट मला पाठ हाय, कारण हमदुल्लाभाई ती प्रत्येक पाहुण्याला सांगायचे आणि कुंपणाला कान न्हाईत थोडेच.

अल्लानं इब्राहिमला सांगितलं, बापाचं घर सोड. त्यानं सोडलं. कुठं जायचं ते विचारलं न्हाय. जे सांगितलं त्याला व्हय म्हणला, असा माणूस. आणि एकटा कधी जेवायचा न्हाय. भर उन्हात तंबूच्या दारात बसून वाट बघायचा. एकदा तीन अनोळखी माणसं दिसली, तर म्हातारा धावत गेला, त्यांना घेऊन आला, स्वतः जाऊन चांगलं वासरू आणलं, भाजून पुढ्यात ठेवलं. नाव-गाव काय विचारलं न्हाय. ते फरिश्ते निघाले, म्हंजे आपल्याकडं देवदूत म्हणतात तसे. ते म्हणले, तुझ्या म्हाताऱ्या बायकोला पुढल्या वर्सी पोरगा व्हईल. बायको, बीबी सारा, आत उभी व्हती. ती हसली. हमदुल्लाभाई इथं जरा पटकन सांगायचे आणि पुढं जायचे. त्यांना वासरू आवडायचं, धावणं आवडायचं. हसण्यापाशी ते थांबायचे न्हाईत.

मगरीबची, म्हंजे दिवस मावळतीची नमाज झाली की ते धक्क्यावर जायचे. खाडीपलीकडं दिघीला जाणारी शेवटची बोट सुटलेली असायची आणि कोण ना कोण राहिलेलंच असायचं. कधी कुणी डायवर, कधी दवाखान्यातनं उशिरा सुटलेलं माणूस, एकदा पुण्याचं जोडपं, त्यांची गाडी बोटीवर मावली न्हवती. भाईजान, मी त्यांना तसंच म्हणते, पुढं जाऊन एवढंच विचारायचे, "जेवलात का?" काही लोक मुसलमानाच्या घरचं खात न्हाईत. त्यांना शहाळं आणि केळी. राग न्हाय, टोमणा न्हाय. "पोटात गेलं ना, झालं," म्हणायचे. माणूस चांगला, आरोही. हे पण लिही. माझा मालक काविळीनं पडला तवा रोज उसाचा रस घेऊन यायचा हा माणूस, मुरूडवरनं.

पण भाकऱ्या कोण करायचं?

ते फाटकातनंच सांगायचे, "दोघं हायत." की फिरोजाबी उठली. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, गरम-गरम मळायची, हाताला चटके, आणि भाकरी एकेक करून तव्यावरनं थेट पाहुण्याच्या ताटात. थंड भाकरी भाईजानांना चालायची न्हाय. चार माणसांचं कालवण सहा माणसांना पुरवायचं तर नारळ खवायचा, दूध काढायचं. ओटीवर जेवायला अंथरायचं फडकं, दस्तरखान, मधल्या दाराला फुलाफुलांचा पडदा, पडद्यापलीकडं पाहुणा आणि गोष्ट, अलीकडं फिरोजाबी आणि तवा. गावात म्हणायचे, "हमदुल्लाभाईंचं घर म्हंजे काय घर." फिरोजाबीचं घर असं कोण म्हणलं न्हाय.

एकदा मासळी साफ करता करता मला म्हणली, "सवाब त्यांचा, धूर माझा." सवाब म्हंजे पुण्य. आणि हसली. मंग गॅस आला, धूर गेला, पण गुडघे गेले ते गेलेच. मी म्हणलं, "सांग की त्यांना, हप्त्यातनं दोन दिवस तरी सुट्टी दे म्हणावं."

"सांगायचं कसं? त्यांना वाटतंय मी खुशीनं करते."

"मंग करत न्हाईस का?"

"करते की. कधी कधी."

पोरगा नबील कतारला. त्याचं लग्न झालं, सून आली अक्सा. ती पण मुरूडचीच, बारावी झालेली. बोलायची कमी, पण बोलली की नेम चुकायचा न्हाय. तिच्या हातानं अर्ध्या भाकऱ्या वाटून गेल्या, फिरोजाबीला जरा श्वास आला. सासू-सुनेचं बरं चाललेलं. कुंपणातनं मला दोघींचं गुणगुणणं ऐकू यायचं.

आता त्या दिवसाचं.

दिवाळी होऊन गेलेली. शेवटची बोट गेली आणि धक्क्यावर एक म्हातारा राहिला. भागोजी नाव, म्हसळ्याच्या रस्त्याला डोंगराच्या कुशीत गाव. भातशेतीवाला माणूस. मुरूडला डॉक्टरला हात दाखवायला आलेला. उजवा हात थरथरायचा त्याचा, सारखा, वाऱ्यावर माडाची झावळी हलते तसा. भाईजान म्हणले, "चला जेवायला." तो म्हणला, "नको, मी इथंच बसतो." खरी गोष्ट अशी की चारचौघांत जेवायचं त्यानं सोडलेलं. पण भाईजानांना पाहुण्याचं नको ऐकूच यायचं न्हाय. दंडाला धरून आणलं.

जेवला बिचारा. डाव्या हातानं उजवं मनगट धरून एकेक घास तोंडाशी न्यायचा. भूक लई असणार. बांगड्याचं कालवण, भात, भाकरी, आणखी भाकरी. भाईजानांची गोष्ट चालू. जेवता जेवता त्याला भरून आलं असंल. त्यानं मनगट सोडलं, पडद्याकडं बघून दोन्ही हात जोडले आणि म्हणला, "माय, तुझ्या हातचं अन्न असंच हजारोंच्या पोटात जाऊ दे. तुझा तवा कधी थंड होऊ नये."

मनगट सुटलं तसा हात उडाला. वाटी कलंडली, कालवण दस्तरखानावर, भाताची शितं अंगावर. आणि त्याच घटकेला पडद्याआड कोण तरी हसलं. लहान न्हाय. फस्सकन.

म्हातारा तसाच राहिला. मंग शितं वेचली, एकेक, ताटात ठेवली. पाण्याच्या भांड्यात हात बुडवला आणि उठला. भाईजान मागनं गेले, हात धरले, पाया पडायचे तेवढे राहिले. तो एवढंच म्हणला, "जेवण चांगलं व्हतं. मी धक्क्यावर बसतो." आणि गेला. अर्धं ताट तसंच.

भाईजान आत आले. ओरडले न्हाईत. ओरडणारा माणूसच न्हाय तो. विचारलं, "कोण हसलं?"

आत दोघीच. फिरोजाबी म्हणली, "मी न्हाय."

मंग राहिलं कोण? अक्सानं सासूकडं बघितलं. तोंड उघडलं न्हाय. खाली बघून परातीतलं पीठ गोळा करायला लागली. न बोलणं म्हंजे कबूल, असं आपल्याकडं असतं ना.

"अक्सा," भाईजान म्हणले, "तू शिकलेली. आजारी माणसाच्या हाताला हसावं?"

तिनं परात उचलून कडेला ठेवली.

"चार दिवस मुरूडला जाऊन ये. माझं मन ठिकाणावर येईस्तोवर. पाहुणा उपाशी उठला ह्या घरातनं, मला आज काही सुचत न्हाय."

सकाळी उठून ते धक्क्यावर पळाले तर म्हातारा पहिल्या बोटीनं गेलेला.

अक्साची पिशवी फिरोजाबीनंच भरली. बाहेरगावी जाणाऱ्याच्या हातात काहीतरी द्यायचं, ती जुनी खोड. फडताळातली खजूर घेतली, पाण्याची बाटली भरली. एस्टीच्या थांब्यावर मी पण व्हते, माझी सुकटाची पाटी घेऊन. अक्सानं पिशवीत डोकावलं आणि सासूला म्हणली, "खजूर आणि पाणी. अम्मा, बीबी हाजराला पण एवढंच दिलं व्हतं ना?"

ही हाजरा म्हंजे इब्राहिमची दुसरी बायको. अल्लानं सांगितलं म्हणून त्यानं तिला आणि तान्ह्या पोराला वाळवंटात नेऊन सोडलं, संगं थोडी खजूर आणि पखालीत पाणी. तिनं मागनं हाक मारून विचारलं, हा अल्लाचा हुकूम हाय का? तो म्हणला, व्हय. ती म्हणली, मंग जा, तो आम्हाला मरू द्यायचा न्हाय. ही पण गोष्ट भाईजानांचीच, पण ही ते ईदला सांगायचे.

अक्सा पुढं म्हणली, अगदी हळू, "बीबी हाजरानं विचारलं तरी व्हतं. मी कुणाचा हुकूम समजू?"

एस्टी आली. पोरगी चढली. खिडकीपाशी बसली, पण इकडं बघितलं न्हाय.

त्या दिवशी फिरोजाबी कुंपणाच्या भोकाशी येऊन बसली. पिठाचा हात न्हाय, विळी न्हाय, नुसती बसली. मला सगळं सांगितलं. तवा मला कळलं की हसलं कोण.

"हात बघून हसलीस?" मी विचारलं.

"तौबा. पडद्यातनं मला हात दिसला पण न्हाय. गुडघ्याला एरंडाचं पान बांधलेलं, नुकताच गॅस बंद केला, आणि हे म्हणले आणखी दोन टाक. परत पेटवला. तेवढ्यात तो म्हातारा म्हणला, हजारोंच्या पोटात जाऊ दे, तवा थंड होऊ नये." ती डोळे पुसत म्हणली, "मनुबाई, तो मला दुवा देत व्हता आणि मला वाटलं सजा सुनावतोय. हसू फुटलंच."

मला पण हसू येत व्हतं, खोटं कशाला सांगू. पण तिचं तोंड बघून गिळलं.

"मंग भाईजानांना सांग की."

"हसले ते सांगेन. का हसले ते विचारतील ना? मंग काय सांगू? जहाज सोडल्यापासनं तुम्ही जे अल्लासाठी करताय त्याला मी हसले?"

मी कुंपणाची सुकी पानं खुडत बसले.

पुढले दिवस वाईट गेले. भाईजान धक्क्यावर जायचे बंद झाले. "कुठल्या तोंडानं आणू पाहुणा?" म्हणायचे. दोन घास खायचे, ताट सारायचे. फिरोजाबीला जे हवं व्हतं ते सगळं मिळालं. तवा थंड, गुडघ्याला आराम. आणि तिला बसवंना. रिकामी पाटावर बसली की अक्साच्या पाटाकडं बघायची. नबीलचा फोन आला, "अक्सा घरी का न्हाय?" हिनं सांगितलं, तिच्या अम्मीला बरं न्हाय. म्हंजे एक खोटं झाकायला दुसरं. मला म्हणली, "आता मला माझ्याच आवाजाची शिसारी येते."

मी म्हणलं, "चल. आधी त्या म्हाताऱ्याला शोधू. तिथनं सुरुवात कर. परक्याची माफी मागायला सोपी."

गाव भाईजानांनी जेवताना विचारून घेतलेलं, तिला ठाऊक व्हतं. बोटीनं दिघीला गेलो. तिथनं एस्टी, मंग पायी. खळ्यावर भाताची झोडणी चाललेली, भागोजी एका कडेला बसून पेंढ्याचे भारे बांधत व्हता, दातानं गाठ ओढून. आम्हाला बघून उठला. फिरोजाबी काही बोलायच्या आत म्हणला, "उन्हातनं आलात. आधी घरी चला."

आणि घरी त्याची बायको, सोनाबाई. भाकरी, वालाचं बिरडं, ताक. "आमच्याकडचं चालंल ना तुम्हाला?" विचारलं तिनं. फिरोजाबी व्हय म्हणली आणि ताटावर बसली, आणि मी बघितलं की ती घास नुसता चिवडत बसलीय. मंग परतताना मला म्हणली ते सांगते, कारण ते लाखाचं व्हतं. म्हणली, "मनुबाई, मला कोणी परकं बसवून वाढतंय असं पहिल्यांदाच झालं. पाहुणा कसा बसतो ते मला ठाऊकच न्हवतं. सगळा जीव कानात असतो. आत भांडं आपटलं तरी वाटतं, आपल्यावरच आपटलं. आणि मी तर हसले."

तर तिथं ताटावरच ती म्हणली, "भाऊ, त्या दिवशी पडद्याआड मी हसले."

भागोजीनं थरथरता हात मांडीखाली दाबला. "जाऊ द्या, आई. लोक हसतात. सवय हाय."

"तुमच्या हाताला न्हाय. तुमच्या आशीर्वादाला हसले." आणि मंग तिनं सगळं सांगितलं. गुडघे, एरंडाचं पान, आणखी दोन टाक, हजारोंच्या पोटात.

म्हातारा ऐकत राहिला. दारामागं सोनाबाई उभी व्हती. ती हसायला लागली. पदर तोंडात कोंबला तरी थांबंना. "हजारो," ती म्हणली, "आवं, तुमचं काय जातंय म्हणायला? खळ्यावरच्या बारा माणसांचं करून माझी कंबर गेली, तिला कधी काही म्हणला का?"

भागोजी असा शरमला की विचारू नको. कानशिलं लाल. म्हणला, "चुकलं माझं. मी पण अन्नावरनं उठलो. आमच्यात पण ते पाप."

मला वाटलं, झालं, मिटलं. पण फिरोजाबी म्हणली, "एक राहिलंय. हसले मी, आणि नाव सुनेवर गेलं. ती माहेरी हाय."

तसा त्याचा चेहरा बदलला. सोनाबाईचं हसणं पण थांबलं.

"माझ्यापायी पोरगी घराबाहेर काढली?"

"व्हय."

"आणि तुम्ही डोंगर वलांडून माझी माफी मागायला आलात." तो हळूच म्हणला. "मी तुमचा कोण? एका रातीचा. जिची मागायची ती उलट्या दिशेला बसलीय, आई."

फिरोजाबीनं माझ्याकडं बघितलं. मीच तर तिला इकडं आणलेली, सोपं म्हणून.

निघताना तो म्हणला, "माझं अर्धं ताट तुमच्याकडं राहिलंय. पोरगी परत आली की कळवा. मी येऊन जेवीन."

दिघीवरनं निघालो तवा ऊन कलतं झालेलं. इकडं धक्क्यावर उतरलो तर भाईजान बाकड्यावर बसलेले. पाहुण्यासाठी न्हाय, बायको कुठं गेली म्हणून. फिरोजाबी सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. मी मागं सरकत व्हते, तर हिनं माझा पदर धरला.

"त्या दिवशी मी हसले," ती म्हणली. "अक्सा न्हाय."

भाईजान तिच्याकडं बघत राहिले. "माणसाच्या हाताला हसलीस?"

"न्हाय. तवा थंड होऊ नये म्हणला, त्याला."

त्यांना उमगायला वेळ लागला. मला दिसलं ते उमगताना. ओहोटीला जेटीचे खांब उघडे पडत जातात ना, तसं.

"म्हंजे तू खुशीनं करत न्हवतीस."

"कधी केलं खुशीनं. कधी न्हाय. तुम्ही विचारलं न्हाय कधी."

"इब्राहिम नबींनी बीबी साराला विचारलं व्हतं का, कुठं सांगितलं न्हाय," ते म्हणले. भांडणाला न्हाय, खरंच विचारात पडल्यागत.

मला राहवलं न्हाय. "भाईजान, मी अडाणी बाई. पण वासरू त्यांनी स्वतः जाऊन आणलं, असं तुम्हीच सांगता."

त्यांनी मान खाली घातली. मंग म्हणले, "मनुवयनी, मला वाटत व्हतं मी हुकूम मानतोय. मी तर नुसता हुकूम सोडत व्हतो. घरात." आणि मंग बायकोला, "आणि अक्साला मी विचारलं सुद्धा न्हाय. एकदाच विचारलं, कोण हसलं. आणि गप्प बसणाऱ्यावर टाकून मोकळा झालो."

दुसऱ्या दिवशी दोघं मुरूडला गेले. मी गेले न्हाय, पण अक्सानं मला मागनं सांगितलं. तिच्या बापानं बसा म्हणलं तर भाईजान बसले न्हाईत, दारातच उभे. "मी आज पाहुणा म्हणून आलो न्हाय," म्हणले. सासऱ्यानं सुनेची माफी मागितली, बापाच्या देखत. फिरोजाबीनं पण. अक्सा त्यांना म्हणली, "अब्बा, तुम्ही माझं ऐकायचं राहून गेलं, ते मी विसरेन." आणि सासूकडं वळून म्हणली, "अम्मा, तुम्ही हसलात ते मला बरं वाटलं व्हतं. मला पण तेच हसू येत व्हतं. न्हाय म्हणालात, ते लागलं."

फिरोजाबीनं ते वाक्य मला इतक्यांदा सांगितलंय की माझंच झालंय.

त्यांच्यासंगं आली न्हाय ती. म्हणली, येते सावकाश. दोघं रिकाम्या हातानं परतले, आणि भाईजान नबीलला फोन लावून खरं काय ते सांगून बसले. पोरगा तिकडनं काय बोलला ते कुणी मला सांगितलं न्हाय, मी विचारलं न्हाय. फिरोजाबी त्या दिवशी कुंपणापाशी आली न्हाय, एवढं खरं.

मंग एका शुक्रवारी अक्सा एकटीच एस्टीतनं उतरली. तीच पिशवी. घरात गेली, खजूर तशीच बांधलेली व्हती, ती सोडून फडताळातल्या डब्यात परत ओतली. फिरोजाबी बघत राहिली. मला म्हणली, "तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

भागोजीला निरोप गेला माझ्या मालकाच्या लाँचवरनं. तो आला, सोनाबाईला घेऊन, नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन. त्या दिवशी मासळी भाईजानांनी साफ केली. कशी केली ते विचारू नको, अर्धा बांगडा कावळ्यांना गेला. नारळ त्यांनीच खवला, बोट कापून घेतलं. गरम भाकऱ्या आतनं ओटीवर न्यायचं काम पण त्यांचंच, म्हणून येता-जाता पडदा अडकायला लागला, तो त्यांनी वर खिळ्याला खोचून टाकला. मी आत व्हते, अक्सा भाकरी थापत व्हती, फिरोजाबी तव्याशी.

भागोजी जेवला. मनगट धरून, सावकाश, शितं सांडली ती सांडू दिली. जेवण झालं आणि त्याचे हात आपोआप जोडले गेले, तोंड उघडलं. शेजारनं सोनाबाई म्हणली, "तुम्ही आता काही बोलू नका."

म्हाताऱ्यानं तोंड मिटलं. जोडलेले हात तसेच हवेत.

आणि आत कोण तरी हसलं. अक्सा. मी बघितलं, पिठाचा हात तोंडावर, तरी सुटलंच.

ओटीवर सगळं थांबलं. भाईजान भाकरीची थाळी घेऊन दारातच उभे. त्यांच्या ओठावर आलेलं, कोण हसलं. मला दिसलं, आलेलं. त्यांनी ते गिळलं. पण फिरोजाबीच्या कानावर ते न विचारताच पडलं असणार, कारण ती तव्यापाशी उठून उभी राहिली आणि म्हणली, "मी."

अक्सानं तिच्याकडं बघितलं. मंग ओटीकडं तोंड करून म्हणली, "न्हाय अब्बा. मी हसले."

भागोजी पण हसला मंग, सोनाबाई पण. सगळे हसले. फिरोजाबी सोडून. ती खाली बसली आणि भाकरी उलटायची विसरली, करपली ती. रात्री मला म्हणली, "मनुबाई, मला वाटलं फेडलं. तर पोरीनं तेवढं पण फेडू दिलं न्हाय. जे मला एका शब्दानं जमलं न्हाय, ते तिनं असं केलं, पीठ झटकावं तसं. पहिल्यापेक्षा जास्त शरम आज वाटली."

मी म्हणलं, "तिनं तुला वाचवलं गं."

"तेच म्हणते मी," ती म्हणली.

आता भाईजान रोज पाहुणा आणत न्हाईत. आणायचा असला की आधी फाटकातनं विचारतात, "आणू का?" कधी ही व्हय म्हणते, कधी न्हाय. न्हाय म्हणली तर धक्क्यावर शहाळं जातं. गोष्ट अजून सांगतात, पण आता हसण्यापाशी जरा थांबतात. थांबून काही बोलत न्हाईत, नुसते थांबतात.

आणि फिरोजाबीचं म्हणशील, तर ओटीवर कोणी बसलेलं असलं की ती भांडं ठेवताना खाली आधी हात ठेवते, आणि मंग हातावर भांडं. आवाज होऊ नये म्हणून.